सानुग्रह की भरपाई? प्लेगपासून कोविडपर्यंत सफाई कामगाराच्या मरणाचा हिशोब

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी आली. आत आधार कार्डाच्या झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, आरटीपीसीआरचा कागद आणि लॅमिनेशन सुटलेले एक ओळखपत्र होते. विदर्भातल्या एका नगरपरिषदेच्या घंटागाडीवर ठेकेदारामार्फत काम करणारा कामगार एप्रिलच्या लाटेत गेला होता. वय चाळीस. त्याच्या बायकोने पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "भाऊ, ते पन्नास लाखाचं पाहा ना जरा."

आम्ही पाहिले. राज्य शासनाच्या २९ मे २०२० च्या निर्णयाप्रमाणे कोविडच्या कामावर असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला पन्नास लाखांचे सानुग्रह साहाय्य मिळणार होते. कागदावर त्यात कंत्राटी आणि रोजंदारीवालेही होते. अर्ज भरला. आजारी पडण्याच्या आधीच्या चौदा दिवसांत माणूस कामावर हजर होता, असा दाखला हवा होता. ठेकेदार म्हणाला, हजेरीवही नगरपरिषदेत आहे. नगरपरिषद म्हणाली, ती ठेकेदाराकडे असते. आठ महिने या दोन दारांत फिरल्यावर अर्ज अपात्र ठरला.

यात आमचीही एक चूक झाली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून 'सानुग्रह' मागत बसलो. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासहित, कृपेने दिलेले. कृपा करणारा कृपा नाकारूही शकतो. जे कायद्याने देणे होते, ते आम्ही मागितलेच नाही. ही चूक आमच्या एकट्याची नाही, चळवळीतले बहुतेक कार्यकर्ते त्या काळात हेच करत होते. सव्वाशे वर्षे सफाई कामगाराच्या मरणाकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, हे तपासल्याशिवाय ती चूक कळत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की संशयित रोग्यांना सक्तीने वेगळे करायचे, इस्पितळात न्यायचे. शहरात घबराट पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य झाला. माघार घेण्यामागे शहरातल्या असंतोषाबरोबर आणखी एक भीती होती. हलालखोर आणि झाडूवाले पळून गेले तर मुंबईत कोणीही राहू शकणार नाही, ही ती भीती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८,२१,७६४ माणसे होती, दहा वर्षांनी ती ७,७६,००६ भरली. डॉक्टर, वकील, शेठ, कारकून गावाला गेले. कार्बोलिक आणि समुद्राच्या पाण्याने गटारे धुणारे, घरे चुन्याने पोतणारे, मैल्याच्या टोपल्या वाहणारे लोक मात्र शहराला हवेच होते.

इथे एक तुलना करण्यासारखी आहे. त्या महिन्यांत गिरणीमालकांना कामगार मिळेनात, तेव्हा त्यांनी रोजचा पगार रोज द्यायला सुरुवात केली. नाक्यानाक्यावर एकमेकांवर चढाओढ करून कामगार उचलले. मजुराची टंचाई झाली की मजुराचा भाव वाढतो, हा बाजाराचा नियम आहे. तो नियम हलालखोराला का लागू झाला नाही? कारण त्याची सोय आधीच करून ठेवलेली होती. १८८९ मध्ये मुंबईच्या हलालखोरांनी संप केला आणि पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, म्युनिसिपालिटीच्या अशा नोकरांनी नोटीस न देता काम सोडणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. गिरणी कामगार रोगाच्या भीतीने गावी गेला तर त्याचा रोज बुडायचा. हलालखोर गेला तर तो आरोपी. ज्याच्यावाचून शहर एक दिवस चालत नाही, त्याला त्या गरजेची किंमत मिळू द्यायची नाही, हे काम जातीने केले आणि जात कमी पडली तिथे कायद्याने केले.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा २०२० मध्येही आपल्यावर लागू झाला. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, असे संरक्षण आहे. त्या अधिकाऱ्याच्या हुकमाने रोगाच्या घरात शिरणाऱ्या माणसाला रोग झाला तर काय, यावर चकार शब्द नाही. २०२० मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली, पण तीही आरोग्य कर्मचाऱ्यांवर होणाऱ्या हल्ल्यांपुरती. कामातून लागणाऱ्या रोगाची जबाबदारी मालकावर टाकणारे एक ओळीचे कलम तेव्हाही घातले गेले नाही.

याच प्लेगमध्ये १० मार्च १८९७ ला सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महार वस्तीतल्या एका मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्यांनी आणले, त्यातच त्यांना लागण झाली. कोविडच्या काळात सफाई कामगारांच्या सत्कारांत माईंचे नाव घेऊन भाषणे झाली. माईंनी सेवा निवडली होती. घंटागाडीवरच्या माणसाने काही निवडलेले नव्हते, तो पगारावर होता आणि पगार देणारा मालक होता. त्याला 'योद्धा' म्हणून त्याच्या अंगावर फुले टाकली की मालक-नोकर हे नाते नजरेआड होते आणि त्याच्याबरोबर मालकाची देणीही. सेवेच्या नावाखाली आपल्या माणसांकडून फुकट काम करून घेण्याची रीत या देशात जुनी आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबद्दल थोडक्यात सांगतो. त्या साथीत मुंबईत युरोपियनांमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३ होते, इतर हिंदूंमध्ये १८.९ आणि सरकारी कागदांत ज्यांना 'लो कास्ट हिंदू' म्हटले त्यांच्यात ६१.६. रोग जात पाहत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे तीन आकडे पाहावेत.

१९२३ मध्ये कामगार भरपाई कायदा झाला. त्याचा विचार साधा होता. कामामुळे इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही, भरपाई द्यायचीच. पहिल्यापासून त्यात काही रोगही इजेसारखे धरले होते. लोकर, केस, कातडे यांच्या कामातून होणारा अँथ्रॅक्स त्यात होता, शिशाची विषबाधा होती. म्हणजे कामातून जंतूंचा रोग होतो आणि त्याचे पैसे मालकाने द्यायचे असतात, हे कायद्याला तेव्हापासून मान्य होते. पंचवीसेक वर्षांपूर्वीच प्लेग झाडून काढणाऱ्यांचा रोग मात्र त्या यादीत बसला नाही.

१९३० च्या दशकात बाबासाहेब मुंबईच्या म्युनिसिपल कामगार संघाचे नेतृत्व करत होते. १९३८ मध्ये औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध विधिमंडळात बोलताना त्यांनी संपाचा हक्क थेट स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला आणि ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. १८९० चा कायदा ज्यांच्यासाठी केला होता, त्यांचा पुढारी हे बोलत होता, हे ध्यानात घेतले की त्या भाषणाचे वजन कळते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले, १९४४ मध्ये अहवाल आला. त्यातून पुढे कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवर 'ईएसआय बाबासाहेबांनी दिला' एवढ्या एका वाक्यात हा इतिहास उरकला जातो. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. कायदा एप्रिल १९४८ मध्ये मंजूर झाला तेव्हा मजूर खाते त्यांच्याकडे नव्हते, ते कायदामंत्री होते. बी त्यांच्या खात्यात पेरले गेले, हे सत्य आहे आणि तेवढे सत्य पुरेसे मोठे आहे. वाढवून सांगायला लागलो की समोरचा एक तारीख दाखवून आपला सगळा मुद्दा खोडतो.

दुसरे, आणि जास्त टोचणारे. अडारकरांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू उद्योगांसाठी होती. १९४८ चा कायदा आधी लागू झाला तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, वीस किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. नगरपालिकेचा झाडूवाला त्यात नव्हता. ज्यांच्या संघाचे बाबासाहेबांनी नेतृत्व केले, तेच त्यांच्या काळात रुजलेल्या विम्याबाहेर राहिले. ते किती काळ? ठेकेदारी आणि हंगामी नगरपालिका कामगारांना ईएसआयखाली आणायचे केंद्रीय श्रम मंत्रालयाने जाहीर केले ते जून २०२१ मध्ये, दुसरी लाट उतरत असताना. आमच्या पिशवीतला माणूस त्याआधी दोन महिने गेला होता.

बाबासाहेबांचा स्वतःचा विचार या कायद्यापेक्षा पुष्कळ पुढे होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी तरतूद त्यांनी मांडली. त्यात कारखाना आणि रस्ता, कायम आणि कंत्राटी असा भेदच नाही. ती तरतूद संविधानात आली नाही.

मग स्वतंत्र महाराष्ट्राने सफाई कामगाराला विम्याऐवजी काय दिले? वारसा हक्क दिला. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार १९७० च्या दशकापासून कायम सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला तर त्याच्या वारसाला त्याच जागी नोकरी. ही गोष्ट आम्ही जपून बोलतो, कारण या नोकऱ्यांवर हजारो घरांच्या चुली पेटल्या आहेत आणि तो हक्क उद्या काढून घ्या असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेले इथे विसरता येत नाही. इतर कोणत्या कामगाराच्या मरणाची भरपाई म्हणून राज्य त्याच्या मुलाच्या हातात तेच हत्यार देते? बाप ज्या कामाने गेला, तेच काम मुलाला, आणि त्याला 'न्याय' म्हणायचे. जातीचा धंदा पिढीजात असतो, हे मनूने सांगितले होते, शासन निर्णयाने त्याला जावक क्रमांक दिला. आणि कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तेही नाही.

कंत्राटी माणूस मुळात कोणाचा, हा प्रश्न मुंबईत न्यायालयापर्यंत लढला गेला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. ठेकेदार हा मधला पडदा असतो, हे त्या निकालाने दाखवले. त्याच शहरात वस्ती स्वच्छतेच्या योजनांत राबणाऱ्यांना 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या पगाराला 'मानधन' म्हटले गेले. शब्द बदलला की कामगार नाहीसा होतो आणि कामगार नसला की भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

ही पार्श्वभूमी घेऊन मार्च २०२० कडे या. केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर केला, २२.१२ लाख लोकांसाठी. तो कोविड रुग्णांच्या थेट संपर्कात आणि देखभालीत असणाऱ्यांसाठी होता. इस्पितळातला सफाई कामगार त्यात बसला. त्या रुग्णाच्या घरचा कचरा उचलणारा बसला नाही. १५ एप्रिलला गृह मंत्रालयाच्या सूचनांत कामाच्या ठिकाणांसाठी एक महत्त्वाचे वाक्य आले, कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा करावा. दुसऱ्याच दिवशी विमा नियामकाने कंपन्यांना तशा पॉलिसी द्यायला सांगितले. पण उद्योगजगतात गाजला तो दुसराच प्रश्न, कारखान्यात कोणी पॉझिटिव्ह निघाला तर मालकाला तुरुंगात टाकणार का? २३ एप्रिलला गृह मंत्रालयाने तातडीने खुलासा केला की असे काही नाही. मालकाची भीती आठ दिवसांत दूर झाली. विम्याची सक्ती मात्र मे महिन्याच्या मध्याला आलेल्या सूचनांत उरली नव्हती, आणि तिच्या जाण्यावर कोणी चर्चाही केली नाही.

आता कायद्याने देणे काय होते ते सांगतो, कारण हे आम्हाला २०२१ मध्ये कोणी सांगितले नव्हते. १९२३ चाच तो कायदा, तेव्हा त्याचे नाव कर्मचारी भरपाई कायदा होते. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टातली रोगांची यादी १९८४ मध्ये नव्याने लिहिली गेली. त्यातली पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची आहे. ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या कामात झालेला संसर्ग, मग ते काम इस्पितळातले असो, जनावरांचे असो किंवा 'असा धोका असलेले दुसरे कोणतेही काम' असो. हे शेवटचे शब्द वाचून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. त्या यादीतला रोग त्या कामातल्या माणसाला झाला की कायदा तो कामातूनच झाला असे धरून चालतो. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. रोग बाजारात लागला की गाडीवर, हे विधवेने सिद्ध करायचे नाही.

ठेकेदाराचे काय? त्या कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे काम ठेक्याने दिले तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येत होती, मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. यासाठी ते काम मालकाच्या धंद्याचा भाग असावे लागते आणि नगरपालिका म्हणते, आमचा काय धंदा? कायद्याने तेही लिहून ठेवले आहे. स्थानिक संस्थेची कर्तव्ये हाच तिचा धंदा समजायचा. कोणकोणती कामे कायद्यात येतात त्याची वेगळी यादी दुसऱ्या परिशिष्टात आहे. यंत्रावर चालणाऱ्या वाहनात माल चढवणारे-उतरवणारे त्यात आहेत, गटारांचे काम आहे. नुसत्या झाडूवर वकील वाद घालतील, तो घालावा लागेल. घंटागाडीवर वादाला जागा कमी आहे.

रक्कम पन्नास लाख होत नाही, हेही खरे. मृत्यूसाठी महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. पगाराची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये होती. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. या माणसाचा कागदोपत्री पगार बारा हजार. ६,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये. महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विनाकारण उशीर केला असेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. पैसे आयुक्तांकडे जमा करायचे, म्हणजे ठेकेदाराने दारात येऊन वीस हजार हातावर ठेवले आणि अंगठा घेतला तरी देणे फिटत नाही. माणसाचे नाव ईएसआयसीत असते तर हा रस्ता बंद होता, पण तिथे कोविड मदत योजनेत सरासरी पगाराच्या नव्वद टक्के पेन्शन घरच्यांना मिळू शकली असती. ठेकेदाराने त्याचे नाव तिथेही घातलेले नव्हते.

आम्ही माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत मागवली. त्यात अट होती की कामगारांची भरपाई पॉलिसी काढून तिची प्रत कार्यालयात जमा करावी. हातमोजे, गमबूट, मास्क यांचीही अट होती. पॉलिसीची प्रत फाईलमध्ये नव्हती आणि तरी बिले दर महिन्याला निघाली होती. नगरपरिषदेचा लेखापाल आमच्याशी वाईट वागला नाही. त्याने फक्त विचारले, "हे कोणी मागतच नाही हो, तुम्हीच पहिले."

दाव्याची मुदत तेव्हा मृत्यूपासून दोन वर्षे होती. त्यातले दीड वर्ष सानुग्रहाच्या मागे गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये कामगार न्यायालयात अर्ज दाखल केला, ठेकेदार आणि नगरपरिषद दोघांना सामनेवाले करून. ठेकेदाराचे उत्तर आले की हा माणूस मार्चपासून कामावर येत नव्हता. नगरपरिषदेचे उत्तर आले की तो आमचा नोकर नाही, मात्र तिने सोबत जोडलेल्या कागदांत 'कोरोना योद्धा' सन्मानपत्रांची यादी होती. कार्यक्रम २०२१ च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, आणि अकराव्या क्रमांकावर त्याचे नाव, हुद्द्याच्या रकान्यात 'सफाई कामगार, घंटागाडी क्र. ४'. ती यादी आता आमच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल केली आहे. पुढची तारीख मिळाली आहे.